ओटीपीसाठी सगळे एसएमएस कशाला?

प्रश्न : आमचा टॉवेल-चादरींचा कारखाना आहे. परगावच्या दुकानदारांसाठी ऑर्डरचं अँड्रॉइड अ‍ॅप करून घेतलं. उघडताच ते एसएमएस, कॉन्टॅक्ट, लोकेशन मागतं आणि बरेच जण तिथूनच माघारी फिरतात. अ‍ॅप करणारा म्हणतो, ओटीपीला हे लागतंच. खरं का?
— एक यंत्रमागधारक, अक्कलकोट रोड, सोलापूर

उत्तर : लागत नाही. अँड्रॉइडवरची ‘एसएमएस रिट्रीव्हर’ ही गूगलची सोय वापरायला सांगा. ओटीपीच्या मेसेजमध्ये अ‍ॅपचा ११ अक्षरी हॅश, म्हणजे ओळखीचा संकेत, असला, की तेवढाच मेसेज अ‍ॅपच्या हाती येतो. परवानगीचा प्रश्नच नाही. घोळ होतो तो पुढे. हॅश अ‍ॅपवर डिजिटल सही करणाऱ्या कीवरून (गुप्त किल्लीवरून) बनतो. प्ले स्टोअरवरच्या अ‍ॅपची सही वेगळ्या कीनं झाली, की चाचणीत आपसूक भरला जाणारा ओटीपी दुकानदाराकडे भरलाच जात नाही. म्हणून हॅश प्लेवरच्या सहीचा घ्या आणि डीएलटीवर (टेलिकॉम कंपन्यांच्या मेसेज-नोंदणी व्यवस्थेत) टेम्प्लेट, म्हणजे मेसेजचा ठरावीक मजकूर, नोंदवताना तो त्यातच घाला.

कॉन्टॅक्टचं काम फोनच्याच पिकरवर (नंबर निवडायच्या यादीवर) भागतं : दुकानदार एक नंबर निवडतो, अ‍ॅपला तेवढाच दिसतो. लोकेशन काढूनच टाका. माल ट्रान्सपोर्टनं जातो, पत्ता आणि पिनकोड पुरे.

मात्र खरं भगदाड बहुतेकदा सर्व्हरवर असतं. दोन दुकानदारांच्या नावानं लॉगिन करा. पहिल्याच्या लॉगिनमधून सर्व्हरला जाणाऱ्या रिक्वेस्टमध्ये ऑर्डर क्रमांक बदलून दुसऱ्याचा घालायला डेव्हलपरला सांगा. ऑर्डर उघडली, तर एका पार्टीला दिलेला भाव दुसरीला कळलाच म्हणून समजा! क्रमांक लांबलचक करणं हा उपाय नव्हे. ऑर्डर त्याच लॉगिनची आहे का, हे सर्व्हरनं दर वेळी तपासायचं. ओटीपीचंही तेच. चार अंकी ओटीपीच्या शक्यता १०,०००; चुकांना मर्यादा नसेल तर छोटी स्क्रिप्टही (आपोआप चालणारा प्रोग्रॅम) त्या झपाट्यानं संपवते. सहा अंक, पाच प्रयत्न, पाच मिनिटं ठेवा. प्रयत्नांची मोजणी सर्व्हरवर हवी. अ‍ॅपमधली मोजणी अ‍ॅप बाजूला ठेवून चुकवता येते.

प्रश्न : दुकानदारांची माहिती घेण्यासाठी अ‍ॅपमध्ये दाखवायचा संमतीचा मजकूर मराठीत दिला तर चालेल?

उत्तर : चालेल, पण एकट्या मराठीवर भागवू नका. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ नुसार तो इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय द्यावा लागतो. तेलुगू आणि कन्नडही त्यात आहेत. सोलापुरातून धंदा करताना त्या दोन्ही आधी करून घ्या.