वाचकांचे प्रश्न: स्क्रोल सॉवरचं (बारीक ब्लेड वर-खाली चालवणाऱ्या यांत्रिक करवतीवरचं) नाजूक काम

प्रश्न: 18 मिलिमीटर जाड फळीतून अक्षर कापलं. वरून रेघेबरहुकूम, पण उलटवल्यावर खालचा आकार वेगळाच. मशीनचं तिरपं करता येणारं टेबल शून्य अंशावरच होतं.

उत्तर: टेबलाखालच्या अंशांच्या पट्टीवर विसंबू नका. जाड ठोकळ्यात ब्लेडने दीडेक मिलिमीटर खोल खाच पाडा, मशीन बंद करा आणि ठोकळा अर्धा फिरवून ब्लेडच्या पाठीमागे आणा. खाच ब्लेडवर अलगद बसली तर ब्लेड आणि टेबलातला काटकोन बरोबर. नाही बसली तर जो फरक दिसतो तो दुप्पट झालेला असतो. टेबल त्याच्या निम्मंच हलवा.

काटकोन असूनही आकार बदलत असेल तर ताण पाहा. ढिलं ब्लेड जाड लाकडात मधोमध पोट काढतं. बोटाने छेडल्यावर स्वच्छ, चढा आवाज यायला हवा. मध्यावर दाबलं तर ते 3 मिलिमीटरपेक्षा जास्त हलू नये. बारीक ब्लेड लावून लाकूड रेटलं तरी हेच होतं. ब्लेडचा नंबर मोठा तितकं ते जाड. या जाडीला 7 किंवा 9 नंबर लावा, 5 नंबरपर्यंतची ब्लेडं पातळ लाकडासाठी ठेवा.

प्रश्न: सरळ रेघेवरही ब्लेड सारखं एका बाजूला ओढतं. बदलावं का?

उत्तर: त्यात बिघाड नाही. बऱ्याच ब्लेडांचे दात पाडताना एका बाजूला धातूची बारीक कड उठलेली राहते आणि ती बाजू जास्त कापते. टाकाऊ तुकड्यावर रेघ मारून कल पाहून घ्या. साधारण 3 ते 5 अंश निघेल. लाकूड तेवढं तिरपं धरूनच पुढे सरकवा. बाजूने जोर लावून ब्लेड सरळ करायला गेलात, तर ते तुटेल.

प्रश्न: 3 मिलिमीटर प्लायच्या जाळीकामात खालचे पापुद्रे उडतात आणि आतले कोपरे गोल होतात.

उत्तर: ब्लेड खाली जाताना कापतं आणि तिथे टेबलाच्या मोठ्या भोकामुळे प्लायला आधारच नसतो. टेबलावर पातळ प्लायचा तुकडा चिकटवून त्यात ब्लेडपुरतंच भोक ठेवा. खालचे काही दात उलटे असलेलं ब्लेडही उपयोगी. मात्र ब्लेड सर्वांत वर असताना त्या उलट्या दातांपैकी दोन-तीन टेबलाच्या वर दिसले पाहिजेत.

ब्लेड ओवायचं भोक नेहमी वाया जाणाऱ्या भागात पाडा. त्याच्या खालच्या बाजूचे ताठ रेशे पॉलिश पेपरने काढा, नाहीतर काम टेबलावर डगमगतं. कोपऱ्यासाठी एका रेघेने टोकापर्यंत जा, थोडं मागे या, वाया भागात वळायला जागा करा आणि दुसऱ्या रेघेने पुन्हा त्याच टोकाला पोहोचा. एका दमात वळायचा मोह झाला की कोपरा गेलाच! आतली कापणी आधी, बाहेरची कड शेवटी. उलट केलंत तर धरायला लाकूडच उरत नाही.

प्रश्न: कापलेल्या कडा काळ्या पडतात.

उत्तर: ब्लेड बोथट झालंय. नवं असूनही जळत असेल तर दात फार बारीक आहेत किंवा तुम्ही एकाच जागी रेंगाळताय. लाकडावर चिकटवलेल्या नक्षीच्या कागदावर पारदर्शक पॅकिंग टेप लावा, त्याने जळणं कमी होतं आणि कठीण लाकडात फरक लगेच दिसतो.