स्तुतीला वेळ कुठून आणायचा?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

या खेपेच्या बहुतेक पत्रांत तक्रार एकच आहे. रविवारी उपासनेत तोंड भरून गातो, सोमवारी सकाळपासून देवाची आठवण जेवायला बसल्यावरच होते. त्यांतले पाच प्रश्न निवडले आहेत. तिसऱ्या प्रश्नाला जागा जास्त दिली आहे, कारण तिथे चुकीचा सल्ला माणसाला खरोखर इजा करतो.

प्रश्न : पहाटे उठून अर्धा तास स्तुती-प्रार्थना करायची असे दर वेळी ठरवतो. आठवडाभर जमते, मग एक दिवस चुकतो आणि सगळेच सुटते. कामाच्या पाळ्या बदलत असल्याने ठरावीक वेळही मिळत नाही.

अर्धा तास कमी करा आणि घड्याळ सोडून द्या. पाळी बदलणाऱ्या माणसाने स्तुती वेळेला न बांधता रोज हमखास घडणाऱ्या गोष्टीला बांधावी. उठणे, जेवणे, कामाला निघणे आणि अंथरुणाला पाठ टेकणे या गोष्टी कोणत्याही पाळीत चुकत नाहीत. यांतल्या दोनच निवडा. बायबलातल्या स्तोत्रसंहितेत दीडशे स्तोत्रे आहेत; त्यांतल्या ११९व्या स्तोत्राचा कर्ता दिवसातून सात वेळा स्तवन करतो (वचन १६४) आणि मठांतल्या सात प्रहरांच्या प्रार्थनांना आधार त्याच वचनाचा आहे. पण मठात घंटा वाजवणारा कोणीतरी असतो. घरात सात वेळा ठरवले की तिसऱ्या दिवशी एकही उरत नाही.

उठल्यावर मोबाइल हातात घेण्याआधी एक वाक्य म्हणायचे. ५१व्या स्तोत्राचे १५वे वचन त्यासाठी बेतल्यासारखे आहे: प्रभूने माझे ओठ उघडावेत, म्हणजे माझे मुख त्याची स्तुती वर्णील. आधी मोबाइल पाहिला तर पहिला विचार दुसऱ्या कोणाचा तरी असतो आणि मग तोच तासभर डोक्यात घोळतो.

दुसरी वेळ दहा मिनिटांची. मिनिटभर गप्प बसा. मग एक स्तोत्र मोठ्याने, सावकाश, दोनदा वाचा. मध्यम लांबीच्या स्तोत्राला चारेक मिनिटे लागतात. त्यातली एक ओळ उचलून ती देवाला उद्देशून स्वतःच्या शब्दांत म्हणा. 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे' याचे 'प्रभू, आज माझी वाट तू दाखव' असे काहीही चालेल. मग आज ज्यांच्याशी गाठ पडणार आहे त्यांतल्या दोघा-तिघांची नावे घ्या आणि प्रभूच्या प्रार्थनेने संपवा. मोठ्याने वाचायला सांगतो त्याला कारण आहे. पहिल्या स्तोत्रात 'मनन' असे जे भाषांतर आहे, त्यामागच्या इब्री शब्दाचा अर्थ पुटपुटणे असा होतो. यशया ३१:४ मध्ये तोच शब्द सिंहाच्या गुरगुरण्यासाठी वापरला आहे. डोळ्यांनी वाचताना मन पळते, जिभेला मात्र शब्दावर थांबावेच लागते.

रोज पाच स्तोत्रे वाचून महिन्यात दीडशे संपवण्याची एक पद्धत आहे: तारखेचे स्तोत्र घ्यायचे आणि तीस-तीस मिळवत जायचे, म्हणजे १ तारखेला १, ३१, ६१, ९१ आणि १२१. पद्धत चांगली आहे, पण नवख्याने तिच्या वाटेला जाऊ नये. २९ तारखेला ११९वे स्तोत्र येते, त्याची १७६ वचने आहेत, आणि बरेच जण तिथेच गळतात. रोज एकच घ्या. ११९व्याचे आठ-आठ वचनांचे २२ भाग आहेत, तेही रोज एक. अशी पूर्ण फेरी १७१ दिवसांची होते.

आणि चुकलेला दिवस भरून काढायचा नाही. थकबाकी साठत गेली की ती पाहूनच माणूस वही मिटतो. आजचे स्तोत्र वाचायचे आणि पुढे जायचे.

प्रश्न : माझ्या तोंडी तेच तेच शब्द येतात, 'प्रभू, तुझी स्तुती असो, तुला धन्यवाद'. म्हणताना मन दुसरीकडे असते.

शब्द मोघम असले की मन भटकते. 'सगळ्यासाठी धन्यवाद' म्हणताना डोळ्यांसमोर काहीच उभे राहत नाही. १०३व्या स्तोत्रात दावीद आपल्या जिवाला बजावतो की त्याचे उपकार विसरू नकोस, आणि लगेच ते मोजायला लागतो: क्षमा करतो, बरे करतो, गर्तेतून सोडवतो. तसेच मोजा. काल रात्री तापात झोप लागली. भांडण वाढण्याआधी भावाने फोन केला. हरवलेला कागद सापडला. रोज तीन गोष्टी, प्रत्येक एका ओळीत, आणि कालची आज पुन्हा लिहायची नाही. दहाव्या दिवशी यादी आटल्यासारखी वाटते. तिथे थांबू नका. पाहण्याची सवय लागते ती त्यानंतरच, कारण मोठे उपकार संपलेले असतात आणि नजर बारीक गोष्टींकडे वळते.

उपकार मानणे आणि स्तुती करणे यांत एक फरक लक्षात ठेवा. देवाने आपल्यासाठी काय केले ते सांगणे म्हणजे उपकार मानणे. तो कसा आहे ते सांगणे म्हणजे स्तुती. १३६वे स्तोत्र दोन्ही एकत्र विणते. २६ वचने, प्रत्येकात आधी एक गोष्ट आणि मागून तेच पालुपद, की त्याची दया सनातन आहे. तुमच्या तीन ओळींना हेच पालुपद जोडून पाहा.

जेवणाचेही पाहा. जेवणापूर्वीची प्रार्थना बहुतेक घरांत होते आणि भुकेपायी घाईत उरकली जाते. बायबलातले 'अनुवाद' हे पुस्तक (८:१०) मात्र खाऊन तृप्त झाल्यावर परमेश्वराला धन्यवाद द्यायला सांगते. ताटावरून उठण्याआधी एक वाक्य म्हणा. तेव्हा घाई नसते.

प्रश्न : घरात दीर्घ आजारपण आहे. मंडळीतले लोक सांगतात, 'सर्व गोष्टींसाठी स्तुती कर, म्हणजे देव मार्ग काढील.' मला तसे म्हणवत नाही. माझा विश्वास कमी आहे का?

नाही. प्रेषित पौल थेस्सलनीकाकरांस (पहिले पत्र ५:१८) लिहितो ते 'सर्व स्थितीत' उपकारस्तुती करण्याविषयी. आजार असताना देवाचे उपकार मानणे वेगळे आणि आजाराबद्दल उपकार मानणे वेगळे. इफिसकरांस पत्रात ५:२० मध्ये 'सर्व गोष्टींबद्दल' असे शब्द आहेत हे खरे, पण त्याच अध्यायाच्या ११व्या वचनात अंधाराची कर्मे उघडी पाडायला सांगितले आहे. वाईटाला चांगले म्हणा असा त्याचा अर्थ होऊच शकत नाही. मरण पावलेल्या मित्राच्या, लाजराच्या, कबरेजवळ येशू रडला. तिथे कोणी त्याला आधी स्तुती कर म्हणाले नाही.

'स्तुती केली की देव मार्ग काढील' हे वाक्य तर सौद्याचे आहे. पौल आणि त्याचा सोबती सीला मध्यरात्री तुरुंगात गात होते (प्रेषितांची कृत्ये १६:२५), मग भूकंप झाला आणि दारे उघडली. पण भूकंप व्हावा म्हणून ते गात नव्हते, आणि दारे उघडल्यावर ते पळालेही नाहीत. हबक्कूक संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात तर शेवटपर्यंत अंजिराला फूल नाही, गोठ्यात गुरे नाहीत, तरी तो परमेश्वराच्या ठायी उल्लास करतो. परिस्थिती तिथे बदललेली नाही.

मग तुम्ही काय म्हणायचे? तेरावे स्तोत्र उघडा. अवघी सहा वचने. पहिल्या दोनांत 'कोठवर?' हा प्रश्न चार वेळा येतो. पुढच्या दोनांत मागणे आहे: माझ्याकडे पाहा, उत्तर दे, डोळ्यांना प्रकाश दे. शेवटच्या दोनांत भरवसा आणि गाणे. हाच साचा घ्या. कागदाचे तीन भाग करा. पहिल्यात तक्रार, अगदी आडपडदा न ठेवता: किती महिने झाले, झोप नाही, पैसे संपत आले. दुसऱ्यात नेमके मागणे. 'बळ दे' असे मोघम लिहू नका. 'उद्याच्या तपासणीत वेदना कमी असू दे' असे लिहा. तिसऱ्यात देवाविषयी आजही खरे वाटते असे एकच वाक्य लिहा. ते सुचले नाही तर तो भाग कोरा सोडा. ८८वे स्तोत्र अंधारातच संपते, शेवटी स्तुतीकडे वळत नाही, तरीही ते स्तोत्रसंहितेत आहे. या संहितेचे इब्री नाव 'तेहिल्लीम', म्हणजे स्तवने. विलापाची इतकी गाणी ज्या ग्रंथात आहेत त्याचे नाव स्तवने आहे, हे सल्ला देणाऱ्यांनी विसरू नये.

वधस्तंभावर येशूने मारलेली हाक, 'माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?', ही २२व्या स्तोत्राची पहिली ओळ आहे. त्या स्तोत्रात २२व्या वचनापासून स्तुती सुरू होते, पण आधीची एकवीस वचने गाळून तिथे पोहोचता येत नाही.

दोन गोष्टी स्पष्टच सांगतो. दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच मन लागत नसेल, झोप-भूक गेली असेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर पाळकांबरोबर डॉक्टरांनाही भेटा. हे स्तुती कमी पडल्याचे लक्षण नाही. आणि घरात कोणी मारहाण करत असेल तर ती 'सोसून स्तुती' करण्याची गोष्ट नाही. आधी सुरक्षित जागी जा.

प्रश्न : मी हिशेबाचे काम करते. 'काम हीच उपासना' असे ऐकते, पण आकडे तपासण्यात स्तुती कुठे असते?

आकडे बरोबर असण्यात. बायबलातल्या 'लेवीय' पुस्तकात (१९:३५-३६) खरा तराजू, खरी वजने आणि खरी मापे ठेवण्याची आज्ञा आहे, आणि तिला जोडून 'मी परमेश्वर तुमचा देव आहे' हे शब्द येतात. म्हणजे वजनाचा संबंध थेट देवाच्या नावाशी लावला आहे. आमोस संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात देव गाण्यांचा गोंगाट दूर करायला सांगतो आणि न्याय पाण्यासारखा वाहू दे म्हणतो. उपासनेतले गाणे आणि हिशेबाची वही तिथे एकाच तपासणीला बसतात.

सहाव्या शतकातल्या बेनेडिक्टच्या मठ-नियमात कोठाराची जबाबदारी असलेल्याने तिथली सगळी भांडीकुंडी वेदीवरच्या पवित्र पात्रांसारखी वागवावीत असे सांगितले आहे. संगीतकार बाख आपल्या अनेक हस्तलिखितांच्या शेवटी 'केवळ देवाला गौरव' या अर्थाची तीन लॅटिन आद्याक्षरे लिहीत असे. वर सुरांची जुळणी चोख, म्हणून खालची अक्षरे शोभतात.

तुमच्या टेबलावर याचे रूप साधे आहे. काम उघडताना एक वाक्य: 'प्रभू, हे तुझ्यासमोर करते आहे.' मध्ये चूक सापडली तर ती झाकायची नाही, त्याच दिवशी सांगायची. कोणी तारीख मागची टाकायला सांगितले तर नकार सौम्य शब्दांत द्यायचा, लेखी. काम मिटताना आज बरोबर जुळलेल्या एका गोष्टीसाठी उपकार मानायचे. सहकाऱ्यांना दिवसभर वचने पाठवणे मात्र टाळा. मत्तय ५:१६ नुसार लोक चांगली कृत्ये पाहून पित्याचे गौरव करतात. उशिरा आलेल्या हिशेबासोबत वचन आले तर गौरव उलटाच होतो. याकोब आपल्या पत्रात (३:९-१०) एकाच मुखातून स्तुती आणि शाप निघण्याविषयी लिहितो, ते शिपायाशी बोलतानाही आठवावे.

प्रश्न : कौटुंबिक प्रार्थनेला मुले कंटाळतात. आणि मला सूर नाही, गायला लाज वाटते.

पाच-सात मिनिटांच्या वर नेऊ नका. लांबते ती मोठ्यांची प्रार्थना, तीच आधी कापा. मुलांना काम द्या: एकाने स्तोत्र निवडायचे, दुसऱ्याने आज आवडलेली एक गोष्ट देवाला सांगायची, तिसऱ्याने 'आमेन' मोठ्याने म्हणायचे. ११७वे स्तोत्र दोनच वचनांचे आहे, पाच वर्षांचे मूलही ते आठवड्यात पाठ करते. मुलाने 'आज काहीच आवडले नाही' म्हटले तर रागावू नका. तेही देवालाच सांगू द्या.

सुराची काळजी सोडा. शंभरावे स्तोत्र जयजयकार करायला सांगते, त्यात सुराची अट नाही. चाल खालच्या पट्टीत धरा, एकच कडवे गा. तेही जमत नसेल तर एकाने ओळ म्हणावी, बाकीच्यांनी पालुपद. १३६वे स्तोत्र मुलांना त्यासाठीच आवडते: दुसऱ्या-तिसऱ्या वचनापर्यंत पालुपद त्यांना येत असते, आणि मग पंचविसाव्यापर्यंत ती मोठ्यांच्या आधीच ओरडून मोकळी होतात.