गरोदर वहिनीला एचआयव्ही निघाला, बाळालाही होणारच का?

तुम्ही लिहिलंय की वहिनीला चौथा महिना आहे, तपासणीत एचआयव्ही निघाला आणि घरात 'पाडून टाका' सुरू झालंय. थांबा. बाळाला होणारच असं अजिबात नाही. मी नंदुरबार जिल्ह्यात समुपदेशक आहे, एवढ्याच भीतीने आलेल्या कितीतरी बायका रोज माझ्यासमोर बसतात.

काहीच औषध घेतलं नाही तर शंभरातल्या १५ ते ४५ बाळांना लागण होते. आईने एचआयव्हीच्या गोळ्या वेळेवर, न चुकता घेतल्या तर हा आकडा ५ च्याही खाली येतो. म्हणून वहिनीला उद्याच जिल्हा रुग्णालयातल्या एआरटी सेंटरला, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात तिथे, न्या. रोज एक गोळी, जन्मभर, सगळं मोफत. आठव्या महिन्यात व्हायरल लोड, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे ते, तपासतात; विषाणू दबलेला असेल तर नॉर्मल डिलिव्हरीलाही हरकत नसते. बाळंतपण मात्र दवाखान्यातच करा. बाळाला जन्मल्याबरोबर लागण टाळणारं नेव्हिरापिनचं पातळ औषध सुरू होतं, ते किमान सहा आठवडे.

मला खरी धास्ती असते ती बाळ घरी गेल्यावरची. एका बाईने ती बाटली ज्वारीच्या कोठीत लपवली होती, कारण सासूला काही माहीत नव्हतं. सासू बिचारी मायेने मध चाटवायची, वर बकरीचं दूध पाजायची. अंगावरचं आणि वरचं दूध एकत्र देणं हेच सगळ्यात घातक. वरच्या दुधाने बाळाच्या आतड्याचं नाजूक अस्तर दुखावतं आणि विषाणूला वाट मिळते. पहिले सहा महिने फक्त अंगावरचं दूध. मध नाही, गुटी नाही, पाणीसुद्धा नाही. त्या बाईच्या परवानगीने मी सासूला बोलावून सगळं सांगितलं. ती बराच वेळ गप्प बसली. पुढच्या खेपेला ड्रॉपर उजेडाकडे धरून रेघ बघत औषध मोजत होती ती सासूच.

बाळाची पहिली तपासणी सहाव्या आठवड्यात होते. टाचेला टोचून कार्डावरच्या गोलांत रक्ताचे थेंब घेतात. मग सहाव्या, बाराव्या महिन्यात आणि शेवटची १८ व्या महिन्यात. त्याआधी बाहेर साधी तपासणी करू नका. आईकडून आलेली प्रतिपिंडं (विषाणूशी लढायला शरीराने बनवलेले घटक) बाळाच्या रक्तात असतात, त्यामुळे उगाच पॉझिटिव्ह दिसतं. सासू त्या १८ महिन्यांच्या रिपोर्टलाही आली होती. 'काहीच निंघनं नही ना, ताई?' तीनदा विचारलं तिने. काहीच निघालं नव्हतं.

तुमच्या भावाचीही तपासणी करा. दिवाळीनंतर ती दोघं ऊसतोडीला गुजरातेत जाणार असतील तर आधी सेंटरला सांगा. जास्त दिवसांच्या गोळ्या किंवा तिकडच्या सेंटरची चिठ्ठी मिळते. गोळी एक दिवसही तुटू देऊ नका. मूल ठेवायचं की नाही हे वहिनीने ठरवायचं, पण आधी हे सगळं तिच्या कानावर पडू द्या. गावात बोभाटा होईल ही भीती असेल तर २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार तिच्या संमतीशिवाय दवाखान्यातल्या कुणालाही हे बाहेर सांगता येत नाही. आज रात्रीच बोलायचं असेल तर १०९७ या एचआयव्हीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन लावा, पैसे लागत नाहीत.