वाचकांचे प्रश्न : सीमेवरचे कॅमेरे आणि खरेदीवरची नजर

प्रश्न : अंबडला आमचा कॅमेऱ्यांची आवरणं बनवण्याचा लहान कारखाना आहे. सीमा सुरक्षा दलाच्या थर्मल (अंगाची उष्णता टिपणाऱ्या) कॅमेऱ्यांच्या निविदेतल्या अटी एकाच कंपनीच्या मालाला जुळतात, असं दिसतं. यावर देखरेख कोणाची? आम्ही काय करावं? – लघुउद्योजक, नाशिक

उत्तर : हे दल गृह मंत्रालयाखाली येतं. त्यामुळे लष्कराची खरेदी पद्धत इथे लागत नाही, ‘जनरल फायनान्शियल रूल्स 2017’ हे केंद्र सरकारचे खर्च आणि खरेदीचे नियम लागतात. त्यातला नियम 144 सांगतो की मालाचं वर्णन मोजता येईल असं, कामाच्या भाषेत आणि शक्यतो कोणत्याही ब्रँडकडे न झुकणारं हवं.

खरी गोम ‘क्यूआर’मध्ये, म्हणजे गुणात्मक गरजांच्या कागदात असते. ‘वजन 2.35 किलो, डिटेक्टर (उष्णता टिपणारा भाग) 12 मायक्रॉनचाच’ असं लिहिलेलं दिसलं की तो कागद बहुधा एखाद्या कंपनीच्या माहितीपत्रकावरून उतरवलेला असतो. ‘अंधाऱ्या रात्री 2 किलोमीटरवरचा माणूस ओळखता आला पाहिजे’ ही अट असती तर पाच कंपन्या उतरल्या असत्या. तेव्हा हरकत निविदापूर्व बैठकीआधी घ्या, लेखी घ्या. अटीचा क्रमांक, नियम 144 आणि तुम्ही सुचवता तो पर्यायी मजकूर, तिन्ही द्या. निविदा उघडल्यावर केलेली तक्रार हरलेल्याचं रडगाणं ठरते, मग ती कितीही खरी असो.

चाचणीचा ऋतूही विचारा. कच्छात उन्हाळ्यात जमीन माणसाच्या अंगाइतकी तापते आणि पडद्यावर माणूस आणि वाळू एकाच करड्या रंगात मिसळून जातात. पहाटे आणि संध्याकाळीही थोडा वेळ असंच होतं. जम्मूच्या हिवाळी धुक्यात पल्ला घटतो. आसामात धुबरीला 2019 साली ब्रह्मपुत्रेच्या भागात 61 किलोमीटरवर इलेक्ट्रॉनिक पहारा सुरू झाला; तिथे पुरानं नदीचं पात्रच सरकतं. म्हणून सुखद हवेतल्या एका दिवसाच्या चाचणीवर पास केलेला कॅमेरा मला तरी पास वाटत नाही.

शेजारी देशांचा मुद्दाही आहे. 23 जुलै 2020 च्या आदेशानं भारताला भूसीमा लागून असलेल्या देशांतल्या निविदाकारांना नोंदणी सक्तीची झाली. पण हा आदेश निविदाकार पाहतो. भारतीय कंपनीनं बाहेरून आणलेला सुटा भाग त्यातून सुटू शकतो. तो पकडायचा तर ‘मेक इन इंडिया’ आदेशातलं स्थानिक मूल्याचं, म्हणजे मालाच्या किमतीतला किती वाटा भारतातला आहे याचं, प्रमाणपत्र तपासावं लागतं. हा वाटा पहिल्या वर्गाच्या पुरवठादाराला किमान 50 टक्के, दुसऱ्या वर्गाच्याला किमान 20 टक्के लागतो. 10 कोटींवरच्या खरेदीत हे प्रमाणपत्र लेखापरीक्षकाचं किंवा कॉस्ट अकाउंटंटचं लागतं.

कॅग, दक्षता आयोग, संसदेच्या समित्या आहेतच, पण कॅगचा अहवाल येतो तेव्हा माल बसवून झालेला असतो. देखरेख क्यूआरच्या टेबलावरच व्हायला हवी.

प्रश्न : सीमेवरच्या बंद पडलेल्या कॅमेरा यंत्रणेबद्दल माहिती अधिकारात विचारता येतं का? – वाचक, देवळाली कॅम्प

उत्तर : सीमा सुरक्षा दल माहिती अधिकार कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत, म्हणजे कलम 24 नं सूट दिलेल्या संस्थांच्या यादीत आहे, म्हणून सर्वसाधारण माहिती मिळत नाही. भ्रष्टाचाराच्या आरोपाशी संबंधित माहिती मात्र त्या सवलतीत येत नाही. अर्जात आरोप नेमका मांडा. गृह मंत्रालय त्या यादीत नाही. तिथे 10 रुपये शुल्क भरून किती निविदा आल्या, दर काय ठरला, विलंबाचा दंड वसूल झाला का, एवढंच विचारा. कॅमेरे कुठे बसवलेत हे विचारू नका, अर्ज देशाच्या सुरक्षेच्या कारणावरून कलम 8(1)(अ) खाली फेटाळला जाईल. 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील करा.