जपानी वाचायचंय? तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : ताई, मी जपानी शिकतेय. हिरागाना, काताकाना या उच्चारांच्या दोन्ही लिप्या झाल्या, आता रोज कांजीची, म्हणजे अर्थ दाखवणाऱ्या चिनी चिन्हांची, यादी पाठ करते. यादीत विचारलं तर सांगता येतं पण तीच कांजी वाक्यात आली की डोकं एकदम ब्लँक. एकूण २१३६ आहेत म्हणे. आधी सगळ्या संपवून मग वाचायला घेऊ का?

उत्तर : नको गं, अजिबात नको. २१३६ हा आकडा जपान सरकारच्या रोजच्या वापराच्या कांजींच्या यादीचा आहे, २०१० साली सुधारली ती. पण हे बघ, तिथल्या मुलांनाही प्राथमिक शाळेच्या सहा वर्षांत १०२६ कांजी शिकवतात, पहिलीत तर फक्त ८०, आणि तोवर ती मुलं गोष्टी वाचायची थांबत नाहीत ना. पुस्तकात कांजीच्या डोक्यावर बारीक हिरागानात उच्चार दिलेला असतो, त्याला फुरिगाना म्हणतात, त्याच्या आधाराने वाचतात. तूही तेच कर, आजपासून, आत्ता जेवढं येतंय तेवढ्यावर.

यादीतलं वाक्यात का ओळखू येत नाही तर एका कांजीला एकच उच्चार नसतो. जन्म, जगणं अशा अर्थाची एक कांजी आहे, अगदी सुरुवातीलाच भेटते. ती गाकुसेइ म्हणजे विद्यार्थी या शब्दात 'सेइ' होते, तानजोबी म्हणजे वाढदिवस यात 'जो', इकिरु म्हणजे जगणं यात नुसती 'इ', उमारेरु म्हणजे जन्मणं यात 'उ', आणि एकटी आली तर 'नामा', म्हणजे कच्चं. आता हे पाच उच्चार तू चिन्हासमोर लिहून घोकलेस तरी वाक्यात कुठला लावायचा हे यादी कुठून सांगणार? म्हणून सुटी कांजी पाठ करू नकोस, अख्खा शब्द शिक, आणि जमलं तर ज्या वाक्यात तो भेटला त्या वाक्यासकट शिक. पाच शब्द आले की पाच उच्चार आपोआप येतात, वेगळी मेहनत नाही.

दुसरं, कांजीकडे रेषांचा गुंता म्हणून बघू नकोस, तिचे भाग पाड. निळ्या रंगाची कांजी घे, तिचा एक उच्चार सेइ. तिच्या डावीकडे पाण्याची खूण लावली की स्वच्छ, सूर्य लावला की निरभ्र आकाश, बोलण्याची खूण लावली की विनंती, आणि या सगळ्यांना सेइ हा उच्चार आहेच! म्हणजे एक भाग अर्थाकडे बोट दाखवतो, दुसरा आवाजाकडे. दर वेळी इतकं छान जुळत नाही हे खरं, पण बहुतेक कांजी याच पद्धतीने बनल्यात, आणि हे एकदा दिसायला लागलं ना की अनोळखी कांजीचा उच्चारसुद्धा बऱ्याचदा अंदाजाने सांगता येतो, मला तर यात अजूनही मजा वाटते.

अँकीसारखं फ्लॅशकार्डचं ॲप वापरत असशील तर चांगलंच आहे, विसरायच्या बेताला आलेला शब्द बरोबर समोर आणतं. फक्त रोजचे नवे शब्द दहाच्या आत ठेव, कारण आज घेतलेला शब्द पुढे कितीतरी वेळा रिव्हिजनला येतो आणि पंधरा दिवसांत डोंगर होतो, मग लोक ॲपच उघडत नाहीत. कार्डं तयार डेकमधून घेण्यापेक्षा स्वतः वाचलेल्यातून बनव. आणि एखादा शब्द सात-आठदा चुकला तर सरळ काढून टाक, वाचताना परत भेटेलच, तेव्हा बघू.

प्रश्न : काताकानात शि आणि त्सु, सो आणि न् यांत माझा कायम गोंधळ होतो. काही युक्ती?

उत्तर : हाताने लिहा, दुसरा उपाय नाही. शि आणि न् मध्ये छोट्या रेघा आडव्या पडलेल्या असतात आणि लांब रेघ खालून वर जाते. त्सु आणि सो मध्ये छोट्या रेघा उभ्या, लांब रेघ वरून खाली येते. हाताला दिशा कळली की डोळ्याला आपोआप कळते. आणि सराव सुट्या अक्षरांवर नको, तेरेबी (टीव्ही), रिमोकोन (रिमोट), कोनबिनी (चोवीस तास उघडं छोटं दुकान) असे खरे शब्द वाचा.

प्रश्न : एक पान वाचायला तास लागतो, प्रत्येक शब्द डिक्शनरीत बघावा लागतो. कंटाळून सोडून देतो. स्पीड कसा वाढवायचा?

उत्तर : तुम्ही घेतलेलं पुस्तक तुमच्यासाठी अवघड आहे, एवढंच झालंय. जपानीत तादोकु नावाची पद्धत आहे, म्हणजे भरपूर वाचणं. तिचे नियम सोपे : अगदी सोप्यापासून सुरू करा, डिक्शनरी उघडू नका, कळलं नाही ते सोडून पुढे जा, आणि पुढे जाता येत नसेल तर ते पुस्तक ठेवून दुसरं घ्या. नवशिक्यांसाठी लेव्हलप्रमाणे लिहिलेल्या छोट्या गोष्टी मिळतात, एनएचके या जपानच्या सार्वजनिक वाहिनीच्या सोप्या जपानीतल्या बातम्या असतात, फुरिगाना दिलेले मुलांचे मांगा म्हणजे जपानी कॉमिक्स असतात. रोज वीसेक मिनिटं असं सैल वाचा, आणि त्याशिवाय चार-पाच ओळी बारकाईने, डिक्शनरी घेऊन, प्रत्येक प्रत्यय तपासत. दोन्ही लागतं, पण एकाच वेळी करू नका.

आणि वाक्य मनात इंग्रजीत फिरवू नका प्लीज, मराठीत ठेवा. किनो कात्ता होन म्हणजे काल घेतलेलं पुस्तक, शब्दाला शब्द, त्याच क्रमाने! क्रियापद शेवटी, आणि 'नि', 'दे', 'कारा' हे जपानी प्रत्यय आपल्या ला, त, हून सारखे शब्दाच्या मागे. लांबच लांब वाक्य आलं की इंग्रजीतून शिकणारे शेवटापासून उलटे येतात, आपल्याला सरळ वाचत जाता येतं, ही केवढी मोठी सोय आहे आणि आपल्याकडचे कितीतरी जण ती वापरतच नाहीत.

शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते म्हणून घाबरू नका. कांजी सुरू झाली की बहुतेक वेळा नवा शब्द सुरू होतो, मागची हिरागाना म्हणजे प्रत्यय नाहीतर क्रियापदाची शेपटी. रोमाजी, म्हणजे इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं जपानी, मात्र आजच बंद करा.

प्रश्न : फक्त वाचायचंच असेल तर कांजी लिहायला शिकायलाच हवं का?

उत्तर : सगळ्या नाही. जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेतसुद्धा हाताने लिहायचा पेपर नसतो, सगळे पर्याय निवडायचे प्रश्न. पण पहिल्या शंभर-दोनशे तरी लिहा, भाग कसे जुळतात ते त्यातूनच कळतं, आणि रेघांचा क्रम आला की फोनवर बोटाने काढून अनोळखी कांजी पटकन शोधता येते.