सामुदायिक परिचर्येचा इतिहास: सुरुवात कुठून करावी

आपण या विषयाकडे, म्हणजे घरोघरी जाऊन केलेल्या रुग्णशुश्रूषेच्या इतिहासाकडे, नव्याने वळला आहात, तेव्हा फ्लोरेन्स नाइटिंगेलऐवजी लिव्हरपूलपासून आरंभ करावा, असे मी सुचवेन; नाइटिंगेलपासून आरंभ करणे हीच बहुतेकांची पहिली चूक असते (माझीही झाली होती). १८५९ मध्ये तिथले व्यापारी विल्यम रॅथबोन यांनी, आपल्या दिवंगत पत्नीची शुश्रूषा केलेल्या मेरी रॉबिन्सन यांना गरिबांच्या घरी जाण्यासाठी तीन महिन्यांकरिता नेमले. तिथले दैन्य पाहून महिनाभरातच रॉबिन्सन यांनी काम सोडण्याची परवानगी मागितली, पण मुदत संपताना मात्र त्यांनाच ते पुढे चालवावेसे वाटले. हा प्रसंग सावकाश वाचा.

डिस्ट्रिक्ट नर्स आणि हेल्थ व्हिजिटर यांची गल्लत करू नका: पहिली आजाऱ्याची शुश्रूषा करी, तर दुसरी घरोघरी स्वच्छतेचे व बालसंगोपनाचे धडे देई.

परिचारिकेच्या व्यावसायिक प्रतिमेचा प्रश्न १८७४ नंतरच्या लंडनमध्ये खरा उलगडतो. तिथल्या डिस्ट्रिक्ट नर्सिंग संस्थेच्या प्रमुख फ्लोरेन्स लीस यांनी या कामासाठी सुशिक्षित, प्रतिष्ठित घरांतल्या स्त्रियांचा आग्रह धरला. परंतु त्याच स्त्रियांना रुग्णाची खोली झाडून-पुसूनही काढावी लागे. प्रतिष्ठा आणि केरसुणी यांतली ही ओढाताण नजरेआड करू नका. न्यूयॉर्कच्या परिचारिका लिलियन वॉल्ड यांच्याकडे नंतर वळता येईल; तूर्त तिकडे जाण्याची घाई नको.