वाचकांचे प्रश्न : मिल्वियन पुलाची लढाई आणि ख्रिस्ती धर्म

प्रश्न : रोमन सम्राट कॉन्स्टंटाईनने एक लढाई जिंकली आणि त्यामुळे ख्रिस्ती धर्म पसरला, असे वाचले. एका विजयाने धर्म कसा पसरतो? त्याने सक्ती केली का?
– एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : सक्ती केली नाही. पसरण्याचे खरे कारण लढाईनंतर निघालेल्या हुकमांत आहे.

लढाई झाली २८ ऑक्टोबर ३१२ रोजी, रोमच्या उत्तरेला टायबर नदीवरच्या मिल्वियन पुलापाशी. रोम कॉन्स्टंटाईनचा प्रतिस्पर्धी मॅक्सेन्शियस याच्या ताब्यात होते. तट भक्कम होता, धान्यही साठवलेले होते. तो आतच बसून राहिला असता, तर कॉन्स्टंटाईनला वेढा जड गेला असता. पण तो बाहेर पडला. दगडी पूल त्यानेच आधी तोडून ठेवला होता, म्हणून होड्यांच्या पुलावरून फौज पलीकडे नेली आणि नदीकडे पाठ करून उभी केली. घोडदळ मोडल्यावर मागे सरायला जागाच उरली नाही. सगळे त्या पुलावर लोटले, पूल कोसळला आणि मॅक्सेन्शियस बुडाला.

ढालींवर ख्रिस्ताचे चिन्ह काढण्याची आज्ञा कॉन्स्टंटाईनला स्वप्नात मिळाली, असे त्याच काळातला ख्रिस्ती लेखक लॅक्टॅन्शियस लिहितो. बिशप युसेबियस मात्र आकाशात दिसलेल्या तेजस्वी क्रुसाची हकीकत सांगतो. मॅक्सेन्शियस ख्रिस्ती लोकांचा छळ करत होता, हा समज मात्र चुकीचा आहे. त्याने चर्चच्या मालमत्ता आधीच परत द्यायला सुरुवात केली होती.

आता हुकूम. ३०३ पासून ख्रिस्ती लोकांच्या झालेल्या छळात प्रार्थनास्थळे जप्त झाली होती. ३१३ मध्ये मिलान येथे कॉन्स्टंटाईन आणि पूर्वेचा सम्राट लायसिनियस यांचे ठरले : कोणीही कोणताही धर्म पाळावा, जप्त जागा चर्चला विनामूल्य परत कराव्यात, आणि ज्यांनी त्या विकत घेतल्या होत्या त्यांनी भरपाई सरकारकडे मागावी. खरेदीदाराचा तोटा सरकारने अंगावर घेतला, म्हणून हा हुकूम कागदावरच राहिला नाही. मॅक्सेन्शियसच्या बाजूने लढलेल्या घोडदळाची रोममधली छावणी पाडून तिथे लॅटरनचे चर्च उभे राहिले. धर्मगुरूंना नगराच्या सक्तीच्या कामांतून सूट मिळाली. ३२१ पासून मृत्युपत्राने चर्चला मालमत्ता देता येऊ लागली.

धर्मगुरूंच्या या सवलतीतून एक घोटाळाही झाला. नगरसभासदांना कराची तूट पदरची भरावी लागे, त्यामुळे श्रीमंत लोक धर्मगुरू होऊन सुटका करून घेऊ लागले. अखेर त्यांच्या दीक्षेवर निर्बंध आणावे लागले.

नाशिककरांना हे समजायला पांडवलेणी पुरेशी आहेत. तिसऱ्या लेण्यातला गौतमीपुत्र सातकर्णीचा लेख वाचा. क्षत्रप राजा नहपानाचा पाडाव केल्यावर विजयी सैन्याच्या छावणीतूनच तो गोवर्धनच्या अमात्याला हुकूम देतो : नहपानाचा जावई उषवदात याच्याकडे असलेले २०० निवर्तने (जमिनीचे जुने माप) शेत त्रिरश्मी डोंगरावरच्या भिक्षूंना द्यावे. त्या शेतात सरकारी माणसाने शिरू नये आणि मिठासाठी खणू नये, म्हणून लेखात ‘अलोणखादक’ असा शब्द आहे. जिंकलेल्याची जमीन, वर सवलती, हीच रीत दोन्हीकडे दिसते. फरक मोठा आहे तो पुढे : गौतमीपुत्राने बौद्ध भिक्षूंना दान दिले तरी त्याच्या आईचा लेख त्याला ‘एकबम्हण’, म्हणजे अद्वितीय ब्राह्मण, म्हणतो. कॉन्स्टंटाईनने मात्र ख्रिस्ती देव आपला मानला, आणि ३२४ मध्ये लायसिनियसला हरवल्यावर हेच धोरण पूर्वेकडेही नेले. पुढच्याच वर्षी निकेया येथे त्याने बिशपांची परिषद भरवली.

प्रश्न : मग ख्रिस्ती धर्म राजधर्म त्यानेच केला ना?

उत्तर : नाही. ते ३८० मध्ये सम्राट थिओडोसियसच्या हुकमाने झाले. कॉन्स्टंटाईनच्या नाण्यांवर तर मिल्वियननंतरही कित्येक वर्षे सूर्यदेव होता, आणि त्याने बाप्तिस्मा घेतला तो ३३७ मध्ये, मृत्युशय्येवर.